ओळी हलवल्या आणि आलेख बदलला: डेकोरानाचं प्रकरण

एक तक्ता घ्या. ओळी म्हणजे पाहणीच्या जागा, स्तंभ म्हणजे तिथे नोंदलेल्या वनस्पतींच्या प्रजाती, खणात त्या प्रजातीचं प्रमाण. हा तक्ता प्रोग्रामला दिला की एक आलेख मिळतो. त्यात सारखी वनस्पती असलेल्या जागांचे ठिपके जवळजवळ पडतात, वेगळी वनस्पती असलेल्या जागांचे लांब. आता त्याच तक्त्यातल्या ओळी वरखाली करा. आकडा एकही बदलू नका, फक्त क्रम बदला, आणि प्रोग्राम पुन्हा चालवा. ठिपके आता निराळ्याच ठिकाणी.

1995 साली रॉबिन टॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ व्हेजिटेशन सायन्स’मध्ये हेच दाखवून दिलं. प्रोग्रामचं नाव डेकोराना, आणि तो कुणा विद्यार्थ्याने रात्रीत लिहिलेला नव्हता. वनस्पतिसमूहांचा अभ्यास करणाऱ्यांत तेव्हा डीसीए (डेकोराना राबवतो ती पद्धत) आणि ट्विनस्पॅन (त्याच्या जोडीचा प्रोग्राम) या दोन गोष्टी घरोघरी झाल्या होत्या. पहिली जागांची आलेखावर मांडणी करते, दुसरी जागांचे गट पाडते. दोन्हींचे निकाल तक्त्यातल्या क्रमावर हलत होते.

यात अस्वस्थ होण्यासारखं काय आहे ते आधी स्पष्ट करतो. या पद्धतींच्या सूत्रांत क्रम कुठेच येत नाही. सगळा खेळ बेरजा आणि सरासऱ्यांचा, आणि बेरजेला आधी कोण आलं याच्याशी काही देणंघेणं नसतं. संगणकात दशांश तोडावे लागतात म्हणून शेवटच्या एखाद्या अंकात फरक पडेल, पण तो डोळ्यांना दिसणार नाही. दिसण्याइतका फरक पडत असेल तर एकतर पद्धतच अस्थिर आहे, किंवा पद्धत ठीक आहे आणि ती राबवणारा प्रोग्राम कुठेतरी चुकतोय. बाहेरून बघणाऱ्याला हे दोन्ही सारखेच दिसतात. डीसीएवर आधीच रुष्ट असलेली मंडळी कमी नव्हती, त्यामुळे पहिल्या शक्यतेला टाळ्या लवकर पडल्या.

हा प्रोग्राम आला कुठून

मार्क हिल यांनी 1973 मध्ये ‘रेसिप्रोकल ॲव्हरेजिंग’ ही रीत परिसंस्थाशास्त्रात आणली. कल्पना साधी आहे. प्रत्येक प्रजातीला एक स्कोअर द्या, सुरुवातीला कुठलाही. मग प्रत्येक जागेचा स्कोअर म्हणजे तिथल्या प्रजातींच्या स्कोअरची भारित सरासरी. एखाद्या जागी 10 स्कोअरच्या प्रजातीची 6 झाडं आणि 40 स्कोअरच्या प्रजातीची 4 झाडं असतील, तर जागेचा स्कोअर 22. आता उलटं करा: प्रजातीचा नवा स्कोअर म्हणजे ती जिथे जिथे सापडते त्या जागांच्या स्कोअरची सरासरी. सरासरी काढली की पल्ला आकसतो, म्हणून तो पुन्हा ताणून घ्यायचा. असं फिरत राहायचं. काही फेऱ्यांनी स्कोअर स्थिरावतात आणि जो क्रम हाती येतो तो बहुतेक वेळा ओलाव्याचा, उंचीचा किंवा मातीच्या आम्लतेचा असतो. गणिती भाषेत हा करस्पॉन्डन्स ॲनालिसिसचा पहिला अक्ष, आणि आकसण्याचं प्रमाण ही त्याची आयगेनव्हॅल्यू.

रीत सुंदर, पण दोन दुखणी होती. दुसऱ्या अक्षावर ठिपके कमानीसारखे वाकायचे, जरी प्रत्यक्षात दुसरा कुठलाच घटक काम करत नसला तरी. आणि पहिल्या अक्षाच्या टोकांना ठिपके दाटून बसायचे. हिल आणि ह्यू गॉश यांनी 1980 मध्ये डीट्रेंडेड करस्पॉन्डन्स ॲनालिसिस, म्हणजे डीसीए, मांडली ती या दोन दुखण्यांवर. कमान मोडायला पहिल्या अक्षाचे तुकडे करायचे (नेहमीच्या मांडणीत 26) आणि प्रत्येक तुकड्यात दुसऱ्या अक्षाची सरासरी शून्यावर आणायची. टोकांची दाटी काढायला अक्ष जागोजाग ताणायचा-आकसायचा, असा की प्रजातींचा पसारा सगळीकडे सारखा व्हावा. त्यातून अक्षाला एकक मिळतं. साधारण 4 एककांच्या अंतरावरच्या दोन जागांत सामाईक प्रजाती जवळपास उरत नाहीत. हे एकक लोकांना फार आवडलं, कारण ‘या दरीत वनस्पतींची किती अदलाबदल होते’ याचं उत्तर एका आकड्यात मिळू लागलं.

हे सगळं करणारा डेकोराना हा फोरट्रान प्रोग्राम आणि त्याच्या जोडीचा ट्विनस्पॅन, दोन्ही 1979 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून बाहेर पडले. त्यांच्या लोकप्रियतेचं एक कारण अगदी व्यवहारी होतं. असल्या तक्त्यात बहुतेक खण शून्य असतात. हिल यांनी फक्त शून्येतर नोंदी साठवल्या आणि सगळं काम फेऱ्यांच्या सरासऱ्यांवर भागवलं. प्रत्येक जागेची प्रत्येक जागेशी तुलना करणारा भलामोठा मॅट्रिक्स बांधावाच लागला नाही. त्या काळच्या यंत्रांवर शेकडो जागांचा तक्ता चालवायचा तर ही काटकसर म्हणजे सगळं काही. पुढे कायो टेर ब्राक यांनी कॅनोको हा याच कामाचा दुसरा प्रोग्राम तयार केला तो डेकोरानाच्याच कोडवर उभा राहून. म्हणजे पाया एक, इमारती अनेक. पायात काही असेल तर ते सगळीकडे जाणार, आणि तसंच झालं.

फेऱ्या लवकर थांबल्या

यारी ओक्सानेन आणि पीटर मिंचिन यांनी टॉश यांचा निष्कर्ष वाचून कोड उघडला. 1997 मध्ये त्याच नियतकालिकात त्यांचं उत्तर आलं. त्यात दोन वेगळे दोष सापडले. मिंचिन स्वतः डीसीएचे चाहते नव्हते. 1987 मध्ये त्यांनी कृत्रिम डेटावर वेगवेगळ्या पद्धती तपासून डीसीएला कमी गुण दिले होते आणि नॉनमेट्रिक एमडीएस या ठिपके मांडण्याच्या दुसऱ्या पद्धतीच्या पारड्यात वजन टाकलं होतं. अशा माणसाने ‘या बाबतीत पद्धतीचा दोष नाही, प्रोग्रामचा आहे’ म्हणावं याला मी जास्त किंमत देतो.

पहिला दोष थांबण्याच्या नियमात. वर ‘काही फेऱ्यांनी स्कोअर स्थिरावतात’ असं मी सहज लिहून गेलो. किती फेऱ्यांनी? ते दोन आयगेनव्हॅल्यूंच्या अंतरावर ठरतं. सुरुवातीच्या स्कोअरमध्ये सगळ्या अक्षांची सरमिसळ असते. दर फेरीला प्रत्येक अक्षाचा वाटा त्याच्या आयगेनव्हॅल्यूच्या पटीने उरतो. पहिली 0.60 आणि दुसरी 0.20 असेल तर पहिल्याच्या तुलनेत दुसऱ्याची भेसळ दर फेरीला एक तृतीयांश होते. पाच फेऱ्यांत ती मूळच्या 0.4 टक्क्यांवर येते. काम फत्ते.

आता दुसरी आयगेनव्हॅल्यू 0.58 धरा. दर फेरीला भेसळ 0.967 पट होते. पाच फेऱ्यांनंतर 84 टक्के भेसळ जशीच्या तशी. शंभर फेऱ्यांनंतरही 3.4 टक्के उरते. 999 फेऱ्यांनंतर मात्र उरते ती इतकी नगण्य, की संगणकाच्या अचूकतेच्या काठावर जाते. हिल यांच्या कोडमध्ये वेग वाढवणारी एक गणिती युक्ती होती, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे इतके वाईट नसत. पण जवळजवळच्या आयगेनव्हॅल्यू हे संकट त्या युक्तीनेही टळत नाही.

यातला खरा सापळा पुढे आहे. प्रोग्राम थांबतो कधी? सलग दोन फेऱ्यांतला फरक ठरावीक टॉलरन्सपेक्षा, म्हणजे चालवून घ्यायच्या फरकापेक्षा, लहान झाला की. कानाला हे रास्त वाटतं. पण भेसळ दर फेरीला 0.967 पट होत असेल तर शेवटच्या पावलानंतर जेवढं अंतर उरतं ते त्या पावलाच्या 29 पट असतं. भेसळ दर फेरीला एक तृतीयांश होत असेल तर तेच अंतर अर्ध्या पावलाएवढं. म्हणजे काम जितकं संथ, तितकं पाऊल लहान, आणि पाऊल लहान म्हणून प्रोग्रामला वाटतं की मुक्काम आला. ज्या तक्त्यांना सगळ्यात जास्त फेऱ्यांची गरज, नेमके तेच लवकर सुटतात. त्यात फेऱ्यांची वरची मर्यादाही तोकडी होती.

मग क्रम यात कुठून घुसला? सुरुवातीच्या स्कोअरमधून. ‘कुठलाही चालेल’ असं गणित म्हणतं, म्हणून कोडने सगळ्यात सोपा पर्याय घेतला: यादीतला क्रमांक हाच पहिला स्कोअर. 1, 2, 3 असे. फेऱ्या पुऱ्या झाल्या असत्या तर हा निर्णय पुसून गेला असता. त्या अर्ध्यात थांबल्या, म्हणून यादीत कोण आधी नोंदलं गेलं याची सावली अंतिम आलेखावर पडली. नोंदवही भरताना क्वाड्रॅट (पाहणीचे चौकोन) ज्या क्रमाने घेतले, किंवा प्रजाती वर्णानुक्रमे लावल्या की कुळानुसार, हे आलेख ठरवू लागलं.

आणि चूक पहिल्या अक्षावर थांबत नाही. डेकोराना चार अक्ष काढतो. दुसरा अक्ष काढताना पहिल्याच्या तुकड्यांत सरासरी शून्य करायची, तिसऱ्याला पहिल्या दोघांचा संदर्भ. पहिला तिरका बसला की पुढचे त्याच्या आधाराने तिरके. शिवाय मागच्या अक्षांच्या आयगेनव्हॅल्यू लहान आणि एकमेकींना खेटून असतात, तिथे तर फेऱ्या हमखास कमी पडणार. तिसऱ्या-चौथ्या अक्षाचा अर्थ लावत बसलेल्या जुन्या प्रबंधांकडे मी म्हणूनच जरा संशयाने बघतो.

गळालेलं एक ‘बरोबर’

टॉलरन्स कडक केला, फेऱ्या वाढवल्या, साधं करस्पॉन्डन्स ॲनालिसिस स्थिर झालं. डीसीए मात्र पूर्ण स्थिर होईना. म्हणजे दुसरं काहीतरी होतं, आणि ते फक्त डीसीएतच असलेल्या पायरीत असणार. ही गाठ अक्ष ताणण्याच्या पायरीत सापडली.

अक्ष ताणताना त्याचे खण पाडतात आणि प्रत्येक खणात प्रजातींचा पसारा किती ते मोजतात. आकडे खडबडीत येतात, म्हणून ते गुळगुळीत करायचे: प्रत्येक खणाचा नवा आकडा म्हणजे डाव्या शेजाऱ्याचा एक वाटा, स्वतःचे दोन, उजव्याचा एक. टोकाच्या खणाला एकच शेजारी, म्हणून तिथे स्वतःचे तीन वाटे आणि शेजाऱ्याचा एक. हे तीन वेळा केलं की मधल्या खणासाठी 1, 6, 15, 20, 15, 6, 1 असे भार तयार होतात. पण एखादा खण रिकामा, म्हणजे शून्य असेल, तर नियम वेगळा. रिकामे खण भरेपर्यंत गुळगुळीत करत राहायचं आणि मगच उरलेले हात फिरवायचे.

‘रिकामा खण आहे का’ हे तपासणाऱ्या ओळीत ‘शून्यापेक्षा लहान किंवा शून्याएवढा’ असं हवं होतं. कोडमध्ये होतं फक्त ‘शून्यापेक्षा लहान’; ‘बरोबर’चा भाग गळालेला. रिकामा खण शून्य असतो, आणि शून्य काही शून्यापेक्षा लहान नसतं. चाचणी दिसायला होती, पण रिकामे खण तिच्यासमोरून निघून जात होते. अपवाद अक्षाच्या सुरुवातीच्या दुसऱ्या खणाचा. त्याची तपासणी वेगळ्या ओळीत होती आणि ती बरोबर होती.

आता हातानेच करून बघू. पाच खण, त्यात 4, 3, 0, 0, 8. दुसरा खण भरलेला आहे, पुढची शून्यं प्रोग्रामला दिसत नाहीत, म्हणून तो तीनच हात फिरवतो. मधल्या खणात 2.02 येतं. हाच अक्ष उलटा ठेवा: 8, 0, 0, 3, 4. आता दुसरा खण रिकामा आहे, तो दिसतो, म्हणून एक हात जास्त, एकूण चार. त्याच मधल्या खणात आता 2.36 येतं, जवळपास 17 टक्के जास्त. दुरुस्त कोडमध्ये दोन्ही दिशांनी चारच हात फिरतात आणि 2.36 येतं.

अक्षाची दिशा तशी निरर्थक असते. ओलं डावीकडे आणि कोरडं उजवीकडे, की उलट, याने अर्थात काडीचा फरक पडू नये. ही दिशा ठरते सुरुवातीच्या स्कोअरवरून, म्हणजे पुन्हा यादीतल्या क्रमावरून. क्रम बदलला, अक्ष उलटला, चाचणीने वेगळं उत्तर दिलं, खणाची रुंदी बदलली. आणि ताणण्याची ही पायरी नेहमीच्या मांडणीत चार वेळा होते, म्हणजे फरक चार वेळा पुढे जाण्याची सोय. फोरट्रानमध्ये ही दुरुस्ती एका अक्षराची आहे. 1979 पासून 1997 पर्यंत ते अक्षर तसंच होतं, आणि मधल्या काळात किती लेखांतले आलेख त्यातून गेले असतील ते मोजायची सोय नाही.

दोष कुणाचा, असं विचारलं तर हिल यांच्याकडे बोट दाखवायला मी तयार नाही. संगणकाचा वेळ मोजून मिळायचा तेव्हा थोड्या फेऱ्यांत भागवणं हा शहाणा निर्णय होता. चूक पुढे झाली. यंत्रं शेकडो पटींनी वेगवान झाली, प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेले गेले, वर खिडक्या आणि बटणं आली, पण आतला थांबण्याचा नियम जुन्या यंत्राच्या मापाचाच राहिला. त्याला हात लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण निकाल ‘येत’ होते. प्रोग्राम अगदीच मुका होता असंही नाही. प्रत्येक फेरीला किती फरक शिल्लक आहे याच्या ओळी तो छापत असे. लोक त्या ओलांडून थेट स्कोअरच्या तक्त्याकडे जायचे. कोडची मूळ प्रत वाटली गेली होती ही मात्र फार मोठी गोष्ट. कोड बंद पेटीत असता तर टॉश यांच्या लेखानंतर वाद झडले असते, डीसीएच्या नावाने आणखी चार लेख निघाले असते, आणि तो गळालेला ‘बरोबर’ कुणाच्या नजरेस पडला नसता.

दुरुस्तीनंतर

ओक्सानेन आणि मिंचिन यांनी कडक नियमाच्या आवृत्त्या उपलब्ध करून दिल्या: टॉलरन्स 0.000005 आणि फेऱ्यांची मर्यादा 999. दोन्ही दुरुस्त्या एकत्र केल्यावर क्रमाची अडचण मिटली. कॅनोकोच्या पुढच्या आवृत्त्यांनी त्या स्वीकारल्या. आज आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेतल्या ‘व्हेगन’ या पॅकेजमध्ये डेकोराना मिळतो तो हिल यांचाच कोड, या दुरुस्त्यांसह. त्याचा मूळ कोड पाहिला तर त्यात ती चुकीची ओळ अजून टीप म्हणून ठेवलेली आहे, खाली दुरुस्त ओळ आणि मिंचिन यांच्या नावासह ‘जानेवारी 1997’ अशी नोंद. कोडमध्ये इतिहास ठेवावा तो असा.

पण यावरून डीसीए निर्दोष ठरली असं कुणी समजू नये. अक्षाचे 26 तुकडे का, 20 किंवा 40 का नाहीत, याला उत्तर नाही. तुकड्यांची संख्या बदला, दुसरा अक्ष थोडा तरी हलतो. कमान मोडताना दुसऱ्या अक्षावरची खरी माहितीही चेपली जाऊ शकते, ही 1987 मधली टीका जशीच्या तशी उभी आहे. या टीका पद्धतीवरच्या आहेत आणि त्या क्रम बदलून सिद्ध होत नाहीत. प्रकरणातून मी घेतो ते हे, की दोन तक्रारी वेगळ्या फायलींत ठेवाव्यात.

आणखी एक बारकावा. दोन आयगेनव्हॅल्यू अगदी सारख्या असतील तर कडक नियमानेही काही साधत नाही. तेव्हा ते दोन अक्ष स्वतंत्र असे नसतातच, असतं ते दोघांचं मिळून एक सपाट प्रतल, आणि त्यात अक्ष कसेही फिरवले तरी चालतात. अशा वेळी अक्ष-अक्ष ताडून ‘निकाल बदलला’ म्हणणं चूक. दोन्ही आलेख एकमेकांवर फिरवून बसवायचे आणि मग उरलेला फरक बघायचा. या कामाला प्रोक्रस्टीझ म्हणतात आणि व्हेगनमध्ये ते तयार मिळतं.

आता हीच तपासणी आपल्या प्रोग्रामवर करायची तर काय करावं? मी करतो ते असं. तक्त्याच्या ओळी यादृच्छिक हलवायच्या, स्तंभही हलवायचे, विश्लेषण चालवायचं, निकाल मूळ क्रमात परत लावायचा. स्कोअरचं चिन्ह उलटं आलं असेल तर सरळ करून घ्यायचं, तो दोष नव्हे. पीसीएतही (प्रिन्सिपल कॉम्पोनंट ॲनालिसिस, अक्ष काढणारी आणखी एक पद्धत) अक्ष प्रोग्रामागणिक उलटे येतात आणि नवखी मंडळी उगाच घाबरतात. मग पहिल्या निकालाशी ताडायचं. असं वीस-पंचवीस वेळा, सगळं आपोआप, चहा होईपर्यंत संपतं. पहिले दोन अक्ष चौथ्या दशांशापर्यंत जुळले तर पुढे जावं. नाही जुळले तर आलेखावर एक शब्दही लिहिण्याआधी फेऱ्यांची मर्यादा आणि टॉलरन्स कुठे बदलता येतो ते मदतीच्या पानात शोधावं. तो बदलताच येत नसेल, तर दुसरा प्रोग्राम.

पीसीएसाठी ही कसरत सहसा फुकट जाते, कारण आजचे बहुतेक प्रोग्राम तिथे सिंग्युलर व्हॅल्यू डीकॉम्पोझिशन ही सगळे अक्ष एकदम काढणारी गणिती रीत वापरतात आणि ती राबवणाऱ्या कोडचं गणित वर्षानुवर्षं घासून घेतलेलं आहे. तिथे फरक पडतो तो भलत्याच जागी. आरमध्येच पीसीएची दोन फंक्शनं आहेत. एक प्रचरण (व्हेरियन्स) काढताना नमुन्यांच्या संख्येतून एक वजा करून भागतं, दुसरं पूर्ण संख्येने. 20 जागांच्या तक्त्यात अक्षांची प्रमाण विचलनं त्यामुळे अडीच टक्क्यांनी वेगळी दिसतात, ठिपक्यांची मांडणी मात्र तीच. त्याहून घातक म्हणजे काही प्रोग्राम स्तंभ आपणहून एका मापावर आणतात आणि काही आणत नाहीत. लोहाचे आकडे हजारांत आणि कॅडमियमचे दशांशांत असले की एका मापावर न आणलेल्या पीसीएचा पहिला अक्ष म्हणजे नुसतं लोह. हे ओळी हलवून कधीच पकडता येणार नाही, दर वेळी तेच चुकीचं उत्तर इमानाने परत येईल.

क्रमाची चाचणी जिथे खरोखर कामाला येते ती जागा म्हणजे फेऱ्या मारत उत्तर शोधणाऱ्या पद्धती. नॉनमेट्रिक एमडीएस त्यात अग्रभागी. क्रुस्कल यांनी 1964 मध्ये ती मांडली तेव्हापासूनच हे माहीत आहे, की ती एखाद्या चुकीच्या खळग्यात अडकून ‘झालं’ म्हणू शकते. म्हणून व्हेगनमधलं फंक्शन एका सुरुवातीवर विसंबत नाही. अनेक यादृच्छिक सुरुवाती करून, दोन उत्तम निकाल प्रोक्रस्टीझने एकमेकांशी जुळतात का ते बघतं. नाही जुळले तर तसं स्पष्ट सांगतं. तो इशारा पुसून आलेख तेवढा छापणारे लेख मी परीक्षक म्हणून परत पाठवतो. के-मीन्स या गट पाडण्याच्या पद्धतीचंही असंच, आणि तिथे तर अनेक प्रोग्राम मुळात एकाच सुरुवातीवर समाधान मानतात.

राहिला ट्विनस्पॅन. तिथला प्रश्न डीसीएपेक्षा नाजूक आहे आणि त्याबद्दल कमी बोललं गेलं. ट्विनस्पॅन आधी करस्पॉन्डन्स ॲनालिसिसचा पहिला अक्ष काढतो, मग अक्ष मध्यावर कापून जागांचे दोन गट करतो, मग प्रत्येक गटाचे पुन्हा दोन. आलेखात ठिपका थोडा सरकला तर आपण ‘थोडा सरकला’ म्हणून सोडून देऊ. इथे ठिपका मध्याच्या अलीकडून पलीकडे गेला की जागेचा गटच बदलतो, आणि पुढच्या सगळ्या विभागण्या त्या गटावर रचल्या जातात. अशा गटांना पुढे वनस्पतिसमूहांची नावं दिली गेली, नकाशे रंगवले गेले. कडक नियमाची आवृत्ती ट्विनस्पॅनलाही मिळाली आहे. पण जुन्या वर्गीकरणांचं काय करायचं याला एकच मार्ग दिसतो: मूळ तक्ता हाती असेल तर तो कडक आवृत्तीतून पुन्हा चालवावा, आणि पहिल्या विभागणीत मध्याजवळ पडलेल्या जागा कोणत्या ते आधी पाहावं. मध्यापासून लांब असलेल्या जागा सहसा आपल्या गटातच राहतात. काठावरच्या जागांची नावं मात्र पेन्सिलीनेच लिहावीत. तक्ता हरवला असेल आणि लेखात प्रोग्रामची आवृत्तीही दिलेली नसेल, तर त्या गटांवर नवं काही बांधायला मी जाणार नाही.